तापीकाठून : ‘बाई’पासून ‘दिठी’पर्यंत

मुख्याध्यापकाकडे लोक बहुधा दोनच कामांसाठी येतात. मुलाला प्रवेश हवा असतो म्हणून, नाहीतर मुलाचे मन वळवायचे असते म्हणून. पहिल्या कामात आमचा फारसा उपयोग नाही, हे आता सर्वांना कळून चुकले आहे. दुसऱ्या कामासाठी मात्र अजूनही माणसे लांबून येतात, आणि आम्हीही चहा घेता घेता मोठ्या गांभीर्याने उपदेश करतो. तीस वर्षांच्या नोकरीत हा उपदेश इतका घोटला गेला आहे की तो करताना आम्हांला विचार करावा लागत नाही.

गेल्या उन्हाळ्यात असेच एक जुने स्नेही सहकुटुंब कामरेजला आले. मूळचे धुळे जिल्ह्यातले, तिसरी पिढी सुरतेत. लिंबायतला घर, जवळच लूमचे लहानसे खाते. कन्या नुकतीच बारावी झालेली, गुण चांगले. गृहस्थांनी कपातला चहा निवण्याचीही वाट पाहिली नाही.

“सर, हिला जरा समजवा. माहितीपट काढायचे म्हणते. सिनेमा म्हणाली असती तरी एक वेळ समजलो असतो. माहितीपटाचं तिकीट कोण काढतं?”

वहिनी काहीच बोलल्या नाहीत. आम्ही घसा साफ केला. आधी पदवी, मग बी.एड., छंद म्हणून पुढे काय ते, असा आमचा नेहमीचा पाठ सुरू होणार, तोच मुलीने विचारले, “सर, तुम्ही सुमित्रा भावेंचे चित्रपट पाहिलेत ना?”

पाहिले होते. त्यातल्या एका चित्रपटाचे आमच्यावर थोडे ऋणही आहे. त्याविषयी पुढे लिहितो. पण मुलीने पुढे जे सांगितले ते आम्हांला तितके नीट ठाऊक नव्हते. त्या बाईंनी पहिला लघुपट केला तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती, आणि चित्रपटाचे कसलेही रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. गृहस्थ लगेच म्हणाले, “मग फिल्मच्या कॉलेजची फी कशाला भरायची? चाळीस वर्षांची झाल्यावर काढ!” आम्हांला हसू आले, पण मुलगी हसली नाही. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली, आणि त्या आठ दिवसांत मिळतील तितके चित्रपट पुन्हा पाहिले, मिळेल ते वाचले. या महिन्याचा मजकूर त्यातून आलेला आहे.

सुमित्रा भावे यांचा जन्म १९४३ साली पुण्यात झाला. राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत त्यांनी ग्रामीण कल्याण हा विषय घेऊन शिक्षण पुरे केले. मग पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत सुमारे दहा वर्षे अध्यापन केले. मध्यंतरी आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावरून मराठी बातम्याही दिल्या. ‘आकाशवाणी’ या शब्दानंतर क्षणभर थांबून येणारा तो स्वच्छ आवाज महाराष्ट्राबाहेरच्या आमच्या पिढीला आठवत असेल; आमच्या घरी तर शुद्ध मराठी कानावर पडण्याचे तेवढे एकच ठिकाण होते. सांगायचे ते एवढेच की चाळिशीपर्यंत या बाई प्राध्यापक होत्या, संशोधक होत्या, समाजकार्यकर्त्या होत्या. त्यांच्या आयुष्यात कॅमेरा कुठेही नव्हता.

तो आला कसा, हा भाग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘स्त्रीवाणी’ नावाच्या संशोधन प्रकल्पात त्या पुण्यातील वस्त्यांमधल्या दलित स्त्रियांच्या जीवनकहाण्या ऐकून टिपून घेत होत्या. त्या स्त्रियांच्याच तोंडून आलेले ते कथन पुढे १९८८ साली गेल ऑम्वेट यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादातून पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. आठ स्त्रियांच्या आठ कहाण्या त्यात आहेत. संशोधकाच्या दृष्टीने काम येथे संपते. अहवाल तयार झाला, पुस्तक निघाले, परिसंवाद झाला, ग्रंथालयाच्या कपाटात एक प्रत गेली. परंतु ज्यांनी आपले आयुष्य उलगडून सांगितले, त्यांच्या हातात काय पडले? त्यांतील कित्येकींना वाचता येत नव्हते. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनाच ते वाचता येऊ नये, हा प्रश्न एखाद्याने परिसंवादात मांडला असता आणि टाळ्या घेऊन खाली बसला असता. भावेबाईंनी त्यावर उपाय शोधला. जे वाचता येत नाही ते पाहता तर येते, मग ते पडद्यावर न्यावे. त्यातून १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट तयार झाला. वस्तीत राहून, मार खाऊन, कष्ट करून पुन्हा उभी राहणारी एक स्त्री हा त्याचा विषय. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुरस्काराचे कौतुक आहेच. पण त्याहून आम्हांला वाटते ते असे की हा लघुपट वस्तीत परत गेला. बायकांनी तो पाहिला, त्यावर बोलल्या. आमच्या खात्याकडे दरवर्षी किती अहवाल जातात, हे आम्ही मुख्याध्यापक जाणतो. गळतीचे प्रमाण, गैरहजेरीची कारणे, पालकांची आर्थिक स्थिती. ज्या पालकाच्या स्थितीचा तक्ता आम्ही भरतो, त्याला तो तक्ता आम्ही एकदा तरी दाखवला आहे काय? असो.

‘बाई’च्या वेळीच सुनील सुकथनकर हे तरुण त्यांना येऊन मिळाले. वयाने बरेच लहान, नाटकाची आवड, पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शनाचे शिक्षण घेतलेले. तेव्हापासून ‘सुमित्रा भावे – सुनील सुकथनकर’ ही जोडी शेवटपर्यंत टिकली. कथा, पटकथा, संवाद बाईंचे, पुष्कळदा कलादिग्दर्शन आणि वेशभूषाही त्यांचीच, गीते सुकथनकरांची, आणि दिग्दर्शन दोघांचे. मराठीत अशी जोडनावे संगीतकारांची असतात. दिग्दर्शकांची क्वचितच, आणि त्यातही प्रौढ स्त्री व तरुण पुरुष यांची जोडी तर आणखी विरळा. या जोडीने पन्नासांहून अधिक लघुपट व माहितीपट केले. ‘पाणी’ १९८७ चा. खेड्यातल्या बायकांनी पाण्यासाठी केलेल्या खटपटीचा. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘चकोरी’त नवऱ्याने टाकलेली एक तरुण स्त्री सायकल शिकते. विषय एवढाच. पण ज्या गावात टाकलेल्या बाईने मान वर करून चालणेही लोकांना खपत नाही, तेथे तिने सायकलवर टांग मारणे म्हणजे काय, हे खानदेशातून आलेल्या आपल्या वाचकांस फोड करून सांगावयास नको.

मग १९९५ साली ‘दोघी’ आला. हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ व दूरदर्शन यांच्या साहाय्याने झालेला. थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशीच वऱ्हाडाला अपघात होतो, नवरदेव जातो, आणि मुलगी अपशकुनी ठरते. घर उपाशी पडते, तेव्हा तिला मुंबईला पाठवले जाते, आणि तेथे ज्या मार्गाने पैसा मिळतो त्या मार्गाला लावले जाते. घरी पैसे येऊ लागतात. आई ते घेते. ते पैसे कुठून येतात हे तिला कळते, आणि ते बोलायचे नाही हेही तिला कळते. पुढे धाकटीच्या लग्नात ही थोरली घरी येते तेव्हा तिला पाहुण्यांसमोर कसे येऊ द्यायचे, हा आईपुढे प्रश्न पडतो. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी या दोघी बहिणी, आणि आई झाल्या आहेत उत्तरा बावकर. २०२३ साली निवर्तलेल्या या थोर अभिनेत्रीने ती आई अशी उभी केली आहे की तिचा राग येत नाही, आणि तिला क्षमाही करवत नाही. मुलीचे पैसे चालतात, मुलगी चालत नाही. आमच्या घरी हा चित्रपट पाहिल्यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. शेवटी आमच्या मातोश्री म्हणाल्या, “आमच्या गावात अशी एक होती.” नाव त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

आता ‘दहावी फ’विषयी. हा चित्रपट २००२ चा. एका शाळेतली ‘फ’ तुकडी. कमी गुणांची, गरीब घरांतली, शिक्षकांनी मनातून केव्हाच नापास करून टाकलेली मुले. अपमान अति झाल्यावर ती शाळेच्या प्रयोगशाळेची मोडतोड करतात. त्यांना शाळेतून काढले जाते. देशमुख नावाचे एक शिक्षक (अतुल कुलकर्णी) या मुलांना एकत्र करतात आणि सांगतात, तुम्ही मोडले ते तुम्हीच पुन्हा उभे करा. मुले मिळेल ते काम करून पैसे जमवू लागतात. गोष्ट एका वाक्यात मावते. पण ज्याने आयुष्य शिक्षक-खोलीत घालवले आहे त्याने तो चित्रपट पाहावा. त्या खोलीतले प्रत्येक वाक्य आपण स्वतः कधी ना कधी उच्चारलेले आहे, असे त्याच्या ध्यानात येईल.

आम्ही तो २००५ सालच्या गणेशोत्सवात पाहिला. आपल्या मंडळींपैकी कोणी पुण्याहून सीडी आणली होती, आणि आरतीनंतर मंडपातच दाखवण्याचे ठरले होते. त्या वेळी आम्ही मुख्याध्यापक नव्हतो. ज्या शाळेत शिकवत होतो तेथे शिस्तीचे काम आमच्याकडे होते. शाळा गुजराती माध्यमाची. नववीच्या मुलांच्या तुकड्या गुणांप्रमाणे पाडलेल्या, शेवटची ‘क’. त्या ‘क’च्या तीन मुलांनी पावसाळ्याच्या सुट्टीच्या दिवशी वर्गातले पंखे वाकवले आणि टाकीचे नळ तोडले होते. शिक्षकांची सभा झाली. सर्वानुमते तिघांच्या हाती दाखले देण्याचे ठरले, आणि त्या ठरावाचा मसुदा आम्ही लिहिला. अक्षर आणि भाषा दोन्ही चांगली, म्हणून असली कामे आमच्याकडेच येत. ‘अन्य विद्यार्थ्यांच्या हिताच्या दृष्टीने’ असे शब्द आम्ही त्यात घातल्याचे आठवते. त्या गोष्टीला तेव्हा सहा-सात आठवडे झाले होते.

मंडपात चित्रपट चालू असताना आम्ही दोनदा उठून बाहेर आलो. सौभाग्यवतींना वाटले, आम्हांला बरे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांच्या घरी गेलो. हे आम्ही मोठेपणा म्हणून सांगत नाही, कारण त्यातून फारसे काही साधले नाही. एकाचे कुटुंब गावी निघून गेले होते. दुसरा शाळेत परत आला, दहावी झाला, आणि आज त्याचे वराछ्याला दुकान आहे. भेटला की वाकून नमस्कार करतो. तिसरा हिऱ्यांच्या कारखान्यात घंटीवर बसू लागला होता. वडील म्हणाले, “सर, आता महिन्याचा पगार घरात येतो. परत कशाला पाठवू?” आम्ही फीचे पाहू म्हटले, पुस्तकांचे पाहू म्हटले. ते म्हणाले, “दाखला तुम्हीच दिलात ना?” त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. चित्रपटात देशमुख सर वेळेवर पोहोचतात. आम्ही पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता.

पुढे मुख्याध्यापक झाल्यावर आम्ही गुणांप्रमाणे तुकड्या पाडण्याची पद्धत बंद केली. काही पालक भांडायला आले. हुशार मुलांचे नुकसान होते असे त्यांचे म्हणणे. ते पूर्णतः खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण आम्ही बदललो नाही. आणि दरवर्षी नववीच्या मुलांना आम्ही ‘दहावी फ’ दाखवतो. मुले गुजराती, हिंदी, ओडिया बोलणारी. पहिल्या वर्षी आम्ही मध्ये मध्ये थांबवून गुजरातीत अर्थ सांगू लागलो, तर मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, समजाय छे, चालवा दो ने!” भाषेच्या एम. ए.ला याहून चांगला धडा मिळणे नाही.

तर असे हे ऋण. आता व्यवहाराकडे वळू, कारण आमच्या स्नेह्यांचा प्रश्न खरा तोच होता: यावर पोट कसे भरते?

या जोडीच्या चित्रपटांत नावाजलेले नटनट्या आहेत, पण तारे-तारका नाहीत. मारामाऱ्या नाहीत, झाडांभोवतीची गाणी नाहीत. असल्या चित्रपटाला पैसे घालणारा व्यापारी मिळणे कठीणच. त्यांनी वेगळी वाट काढली. विषय ज्यांच्या जिव्हाळ्याचा, त्यांच्याशी हात मिळवायचा. ‘देवराई’ (२००४) पाहा. आपल्या गावच्या देवराईत जीव गुंतलेला शेष आणि छिन्नमनस्कतेने पोखरत जाणारे त्याचे मन, त्याला सांभाळताना थकून जाणारी बहीण, अशी ती कथा. या चित्रपटामागे उभी होती पुण्याची ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’, आणि त्या संस्थेमागे डॉ. जगन्नाथ वाणी, धुळ्याकडचे, कॅनडातील कॅलगरीला स्थायिक झालेले संख्याशास्त्राचे प्राध्यापक. परदेशी गेलेल्या एका खानदेशी माणसाने मनाच्या आजाराविषयी आपल्या भाषेत चित्रपट व्हावा म्हणून झटावे, ही गोष्ट आम्ही स्नेह्यांना मुद्दाम सांगितली. ‘आपल्या धुळ्याचे?’ असे त्यांनी दोनदा विचारले. ‘नितळ’ (२००६) अंगावर कोड असलेल्या एका तरुण डॉक्टर मुलीविषयी आहे. ‘एक कप च्या’त कोकणातल्या एका एस. टी. कंडक्टरला विजेचे त्र्याहत्तर हजारांचे बिल येते, आणि तो माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला शिकतो. किशोर कदम यांनी रंगवलेला तो कंडक्टर आम्हांला आपल्याच ओळखीचा वाटला.

यश मिळाल्यावर तरी वाट सोपी होते काय? तसे दिसत नाही. ‘अस्तु’ २०१३ साली तयार झाला. त्याच्या संवादांसाठी सुमित्राबाईंना आणि भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. तरीही चित्रपटगृहांत लागायला २०१६ साल उजाडले, आणि तेही लोकांकडून वर्गणी गोळा करून. डॉ. मोहन आगाशे स्वतः गावोगावी तो दाखवीत, त्यावर चर्चा घडवीत फिरले. गणपतीची वर्गणी आपण ऐकली आहे. चित्रपट प्रदर्शित करण्यासाठी वर्गणी काढावी लागते, हे आमच्या स्नेह्यांना पटेना. सुरतेत तर मराठी चित्रपट आलाच तर चार दिवसांचा पाहुणा. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्यासारख्यांपर्यंत हे सारे सीडी, मंडळाचा मंडप आणि आता मोबाईलवरून पोहोचते. तक्रार करायची तर आपणही थोडे आपल्याकडे पाहावे. मंडळाच्या कार्यक्रमात ऑर्केस्ट्राला जेवढा पैसा निघतो त्याच्या दशांशही आपण अशा चित्रपटाच्या खेळासाठी काढत नाही.

‘अस्तु’विषयी दोन शब्द अधिक. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे गाढे पंडित. विस्मरणाच्या आजाराने त्यांचे सारे ज्ञान गळून पडत चालले आहे. मुलगी थोडा वेळ त्यांना गाडीत बसवून दुकानात जाते. तेवढ्यात रस्त्यावरून हत्ती जातो, आणि शास्त्रीबुवा लहान मुलासारखे त्याच्यामागे चालू लागतात. माहुताच्या पालावर पोहोचतात. माहुताची बायको चन्नम्मा, कानडी वळणाची, आपल्याच पोरांचे पोट कसे भरावे या विवंचनेतली. तिला ना त्यांचे नाव ठाऊक, ना त्यांची विद्वत्ता. ती त्यांना भरवते, न्हाऊ घालते. ते तिला आई म्हणतात. मोहन आगाशे आणि अमृता सुभाष यांचे ते प्रसंग पाहताना आम्हांला आमचे वडील आठवले. शेवटच्या दोन वर्षांत ते आम्हांला ओळखत नसत, आणि त्यांचे सगळे करणारी बाई ओडिशाची होती. तिला मराठी येत नव्हते, त्यांना मराठीखेरीज काही उरले नव्हते, आणि दोघे तासन् तास बोलत बसत. त्या काळात आम्ही शाळेच्या कामाचे निमित्त करून उशिरा घरी येत असू. याहून अधिक लिहिण्याचे हे ठिकाण नाही.

२०१६ सालच्या चित्रपटांतून ‘कासव’ला राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळाले. ‘श्यामची आई’पासून मोजले तर हा मान मिळालेले मराठी चित्रपट एका हाताच्या बोटांवर मावतात. जीव देऊ पाहणारा एक तरुण, त्याला नावगावही न विचारता घरी ठेवून घेणारी, स्वतः नैराश्यातून गेलेली एक स्त्री, आणि कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालून जाणाऱ्या कासवांची राखण. त्याला कोणी उपदेश करीत नाही. आमच्यासारख्या उपदेशकाला हे जरा लागलेच.

शेवटचा चित्रपट ‘दिठी’. दि. बा. मोकाशी यांच्या कथेवर आधारलेला. मोकाशी आम्ही एम. ए.ला असताना वाचले होते, आणि त्यांची ती कथा पडद्यावर कशी यावी हा आमच्यापुढे प्रश्नच होता, कारण तीत घडते ते सारे माणसाच्या आत. पाऊस कोसळतो आहे, रामजी लोहाराचा तरुण मुलगा पुरात गेला आहे, जन्मभर केलेली वारी आणि ऐकलेली पोथी त्या दुःखापुढे मुकी झाली आहे. आणि शेजारी एक गाय अडली आहे. तिला सोडवण्याचे कसब फक्त त्याच्याच हातात. किशोर कदम यांचा रामजी पाहिला, आणि कथा पुन्हा काढून वाचली. एरवी चित्रपट पाहिल्यावर मूळ कथा मोठी वाटते. येथे दोन्ही आपापल्या जागी राहिली.

‘दिठी’ लोकांपुढे आला २०२१ च्या मे महिन्यात, तोही चित्रपटगृहांत नव्हे, घरोघरच्या पडद्यावर. सुमित्राबाई १९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यात गेल्या होत्या. वय ७८. करोनाचा तो काळ. आमच्या लक्षात तेव्हा ती बातमी राहिलीही नाही. रोज इतक्या बातम्या येत होत्या.

आठ दिवसांनी आम्ही लिंबायतला गेलो. गृहस्थांना जे सांगायचे ते सरळ सांगितले: यात पैसा कमी, खात्री नाही, वर्गणी काढण्याची पाळी येऊ शकते. मुलीलाही सांगितले की सुमित्राबाईंनी कॅमेरा हाती घेण्याआधी वीस वर्षे माणसे वाचली होती. तेव्हा आधी समाजकार्याचे शिक्षण घे, बडोद्याच्या विद्यापीठात ती सोय फार जुनी आहे. आमचे कामरेजही एकेकाळी बडोदे संस्थानातच होते, तेव्हा आपल्या लोकांना बडोदे परके नाही. कॅमेऱ्याचे पुढे पाहता येईल. सल्ला बरा होता असे आम्हांला अजून वाटते.

मुलीने ऐकून घेतले. मग मोबाईल काढून म्हणाली, “सर, एक बघता का? बावीस मिनिटांचं आहे.”

तिने गल्लीतल्या बायकांचे चित्रण केले होते. आपल्याकडे घरोघरी साड्यांचे काम चालते. दोरे कापणे, टिकल्या चिकटवणे, लेस लावणे. पोटमाळ्यावर, जिन्यात, दिव्याच्या उजेडात बसून बायका नगावर ते काम करतात. कॅमेरा हलत होता, आवाज फुटत होता, एके ठिकाणी कुकरच्या शिट्टीखाली बोलणे बुडून गेले होते. चौथी की पाचवी बाई पडद्यावर आली तेव्हा गृहस्थ पुढे सरकले. त्या वहिनी होत्या. दिवसाला किती साड्या होतात, एका साडीचे किती मिळतात, चष्म्याचा नंबर कधी वाढला, हे त्या मुलीला सांगत होत्या. दुपारी नवरा खात्यावर गेल्यावर त्या हे काम करीत, आणि तो यायच्या आत गठ्ठे शेजारी नेऊन ठेवीत. पाच वर्षे.

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. वहिनींनी पदर सारखा केला. गृहस्थ बऱ्याच वेळाने म्हणाले, “मला कधी सांगितलं नाही.”

“विचारलं नाही तुम्ही,” वहिनी म्हणाल्या. “हिनं विचारलं.”

मग चहा झाला. आमचे दुसरे काहीच काम तेथे उरले नव्हते, म्हणून आम्ही कामरेजची बस गाठली. बडोद्याचा अर्ज तिने भरला आहे. शुल्काचे पैसे कोणी दिले, हे आम्ही विचारले नाही. गल्लीतल्या बायकांना ते चित्रण दाखवावयाचे आहे, त्यासाठी मोठा पडदा मिळेल काय, असा तिचा परवा निरोप आला. शाळेचा पडदा आहे. रविवारी नेऊ द्यायला हरकत नाही, असे आम्ही कळवले आहे.